गावातून गेलेलं लेकरू शहराच्या हिशेबात का दिसत नाही?

दिवाळी आटोपली की विदर्भातल्या कितीतरी गावांतून बिऱ्हाडं हलू लागतात. मेळघाटातली कोरकू कुटुंबं अमरावती, अकोला, नागपूर, पुण्याकडे बांधकामावर जातात. यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडून कोणी वीटभट्टीवर जातं, कोणी मुंबई-पुण्याच्या मजूरनाक्यावर उभं राहतं. बरीच घरं होळीला परततात. काही परतत नाहीत. पहिल्या वर्षी हंगामापुरतं गेलेलं घर चार-पाच वर्षांत तिकडच्याच एखाद्या वस्तीत खोली करून राहतं, आणि गावातल्या घराला कुलूप लागतं. लेकरं अर्थातच सोबत असतात.

हा विषय आत्ताच मांडायचं कारण म्हणजे जनगणना. २०११ नंतर देशात पहिल्यांदा माणसं मोजली जाणार आहेत. घरयादीचं काम २०२६ मध्ये आणि प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, असं ठरलं आहे. फेब्रुवारी म्हणजे आमच्या भागातली हजारो लेकरं गावात नसण्याचा काळ. ती ज्या शहरात असतील, तिथल्या हिशेबात ती येतात का? आज तरी बहुतेक हिशेबांत येत नाहीत, आणि त्याची किंमत त्यांच्या उंचीत, वजनात, वाचनात आणि पुढच्या कमाईत दिसते. ती कशी, हे समजून घेण्यासारखं आहे.

कारण पारावर हा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "शहरात का कमी हाय बाप्पा? दवाखाना हाय, शाळा हाय, नळ हाय." आणि ते खोटं नाही. शहरात हे सगळं आहेच.

गरीब कोण, हे कसं ठरतं?

भारतात गरिबी मोजण्याच्या दोन रीती चर्चेत असतात. पहिली दारिद्र्यरेषेची. महिन्याला माणशी किती रुपये खर्च होतो, ते पाहायचं आणि एका रकमेच्या खाली असेल तो गरीब धरायचा. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ साठी ही रक्कम गावात ८१६ रुपये आणि शहरात १००० रुपये होती. नंतर रंगराजन समितीनं ती ९७२ आणि १४०७ रुपये सुचवली.

तेंडुलकर समितीच्या आकड्यांमध्ये गाव आणि शहर यांत फरक अवघा १८४ रुपयांचा आहे. गावात घर कुडाचं असलं तरी स्वतःचं असतं. चुलीला पऱ्हाट्या मिळतात, वावराच्या धुऱ्यावर अंबाडी-चवळीची भाजी निघते, पाणी हापशीवरून आणता येतं. शहरात खोलीचं भाडं, गॅस, पाण्याचा टँकर, कामावर जायचा ऑटो, संडासाचे पैसेसुद्धा रोख द्यावे लागतात. रेषेच्या किंचित वर असलेलं शहरातलं घर कागदावर गरीब नसतं, पण भाडं दिल्यावर त्याच्या ताटात किती उरतं हे रेषा सांगत नाही.

दुसरी रीत बहुआयामी गरिबीची. म्हणजे पैशाऐवजी थेट जगणं पाहायचं. निती आयोग आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तीन बाजूंनी बारा गोष्टी तपासतो. घरात कुपोषण आहे का, मूल दगावलं का, शाळेत जातं का, वीज आहे का, पाणी आहे का, बँकेत खातं आहे का, अशा. त्या मोजणीनुसार २०१९-२१ मध्ये गावांतले १९.२८ टक्के लोक गरीब होते आणि शहरांतले ५.२७ टक्के. ही रीत पहिलीपेक्षा पुष्कळ चांगली आहे. पण तिची उत्तरंही मुख्यतः हो किंवा नाही अशीच असतात. वीज आहे? आहे. ती तारेवर आकडा टाकून घेतलेली आहे का, मीटरची, आणि उद्या कापली जाईल का, हा प्रश्न त्यात नाही. नळाला पाणी रात्री अडीच वाजता येतं की सकाळी, आणि त्यासाठी घरातली कोणती पोरगी जागते, हेही त्यात नाही.

सरासरी फसवते कशी

शेतकऱ्याला हे सांगायला फार शब्द लागू नयेत. महसूल मंडळाला एक पर्जन्यमापक असतो. तुमच्या शिवारात ढगफुटी झाली, सोयाबीन खरडून गेलं, पण मापक जिथं बसवलाय तिथं ६५ मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस नोंदला गेला, तर कागदावर अतिवृष्टी झालेलीच नसते. आकडा खोटा नसतो. तो दुसऱ्या जागेचा असतो.

शहराच्या आकड्यांचं असंच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, पाच वर्षांखालच्या मुलांपैकी गावात ३७.३ टक्के आणि शहरात ३०.१ टक्के खुजी निघाली. खुजं म्हणजे वयाच्या मानानं उंची फार कमी असलेलं, दीर्घकाळच्या कुपोषणाची खूण असलेलं मूल. शहर बरं, असं त्यावरून वाटतं. पण नागपूरच्या आकड्यात धरमपेठेतल्या बंगल्यातलं मूल आणि भांडेवाडीच्या कचरा डेपोजवळ राहणारं मूल एकत्र मिसळतात. पहिल्याची उंची दुसऱ्याच्या खुजेपणावर पांघरूण घालते.

गावातही गरीब-श्रीमंत आहेतच, पण शहरातलं अंतर मोठं. विषमता मोजायला गिनी गुणांक नावाचं माप वापरतात. सगळ्यांचा खर्च अगदी सारखा असेल तर हे माप शून्य येतं, आणि सगळा पैसा एकाच्याच हातात असेल तर एक. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीत ते गावांसाठी ०.२३७ आणि शहरांसाठी ०.२८४ आलं. माणशी सरासरी मासिक खर्च गावात ४१२२ रुपये, शहरात ६९९६ रुपये. शहर जास्त खर्च करतं आणि तो जास्त असमान वाटला जातो.

किती लोकांबद्दल आपण बोलतोय? २०११ च्या जनगणनेत देशात साडेसहा कोटी लोक झोपडपट्टीत राहत होते. राज्यांमध्ये पहिला नंबर महाराष्ट्राचा, सुमारे १ कोटी १८ लाख. मुंबईत पाचांतले दोन जण झोपडपट्टीत, नागपुरात जवळजवळ तिघांतला एक. देशभरच्या झोपडपट्ट्यांत सहा वर्षांपर्यंतची मुलं होती सुमारे ८१ लाख.

आणि हे आकडेही अपुरेच आहेत. कारण जनगणनेच्या व्याख्येत झोपडपट्टी ठरायला साधारण ६० ते ७० घरांची सलग दाटी लागते. उंच इमारतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या पंधरा खोल्यांत राहणारे मेळघाटचे मजूर, उड्डाणपुलाखालची पाच पालं, चाळीतल्या एका खोलीत दोन कुटुंबं, ही सगळी त्या व्याख्येच्या बाहेर. सगळ्यांत हलाखीत असलेली लेकरं बहुधा याच घरांत असतात.

दवाखाना समोर असून लांब का?

गावातली सरकारी व्यवस्था कितीही रडतखडत चालली तरी तिचा पाया डोकी मोजण्यावर आहे. पाच हजार लोकांमागं एक आरोग्य उपकेंद्र, आदिवासी भागात तीन हजारांमागं. तीस हजारांमागं प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी भागात वीस हजारांमागं. हजार लोकांमागं एक आशाताई. जागा रिकाम्या राहतात, डॉक्टर मुख्यालयी राहत नाहीत, ही तक्रार खरीच. तरी गावात कोणाची सून गरोदर आहे, कोणाचं लेकरू अशक्त आहे, हे आशाताईला आणि अंगणवाडीच्या बाईला तोंडपाठ असतं. लसीकरणाच्या दिवशी कोणी आलं नाही तर त्या घरी जाऊन हाक मारतात.

ही दारात जाण्याची पद्धत किती मोलाची आहे, हे जगाला दाखवून दिलं ते आपल्याच गडचिरोलीनं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांत, गावातल्याच बायांना शिकवून, नवजात बाळांची काळजी घरी जाऊन घ्यायला सुरुवात केली. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचा, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायचे. नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणं हे देशभरच्या आशांच्या कामाचा भाग झालं. विदर्भाच्या खेड्यातून निघालेली ही वाट आहे. मला तिचा मनापासून अभिमान वाटतो.

शहराकडे मात्र हे सगळं उशिरा आणि विरळ पोहोचलं. गावांसाठीचं राष्ट्रीय आरोग्य अभियान २००५ चं, शहरांसाठीचं २०१३ चं. शहरी आरोग्य केंद्र पन्नास हजार लोकांमागं एक. शहरातल्या आशाताईकडे हजार ते अडीच हजार लोक, आणि तेही दर काही महिन्यांनी खोली बदलणारे. जुनं बिऱ्हाड गेलं, नवं आलं, हे तिला कोण सांगणार? दोन किलोमीटरवर मोठं सरकारी रुग्णालय असतं, पण तिथं जायचं म्हणजे आईची एक दिवसाची रोजी बुडते. केसपेपरची रांग, तपासणीची रांग, औषधाची रांग, आणि दुपारी दोनला खिडकी बंद. तापानं फणफणलेल्या लेकराला मग कोपऱ्यावरच्या औषध दुकानातून दोन गोळ्या आणून दिल्या जातात. गावात रस्ता लांब असतो. शहरात त्या लेकराला ओळखणारं, त्याच्या दारात येणारं माणूस नसतं.

रेशनचंही बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं देशात गावांतल्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरांतल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्य दिलं. महाराष्ट्राच्या वाट्याला गावांसाठी ७६.३२ टक्के आणि शहरांसाठी ४५.३४ टक्के आले. राज्यात या यादीत बसायला उत्पन्नाची मर्यादा गावात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये. ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही खाली. शहरात पाच हजारांत खोलीभाडं देऊन जगणारं कुटुंब दाखवा. महिन्यात पंधरा-वीस दिवस काम मिळालेला कोणताही मजूर या मर्यादेबाहेर जातो आणि तरी त्याच्या लेकरांना दूध मिळत नाही.

रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राची, १९७२ च्या दुष्काळातून पुढं आलेली. तीही ग्रामीण भागापुरती. शहरातल्या मजूरनाक्यावर सकाळी दहापर्यंत कोणी उचललं नाही तर तो दिवस गेला, हमी कसलीच नाही.

अंगणवाडीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००६ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर लोकांनी मागितल्यावर ती द्यावी लागेल. हा हक्क झोपडपट्टीलाही आहे. अडचण जागेची. गावात ग्रामपंचायत जागा देते. शहरात खोली भाड्यानं घ्यावी लागते आणि अंगणवाडीला परवडणाऱ्या भाड्यात मिळते ती अंधारी, कोंदट, पंचवीस पोरं बसतील अशी. आईबाप दोघं सकाळी आठला कामावर गेले तर दुपारी घरी सोडलेल्या तीन वर्षांच्या पोराला कोण बघतं? सात-आठ वर्षांची बहीण. तिची शाळा तिथंच सुटते.

पत्ता नसलेलं घर

शहरात प्रत्येक गोष्ट पत्ता विचारते. महाराष्ट्रात १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला मोफत पुनर्वसनाचं संरक्षण आहे. त्यानंतरच्या, १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीला पैसे भरून घर मिळू शकतं. २०१९ साली दारव्ह्याहून किंवा मेहकरहून गेलेल्या कुटुंबाचं नाव या दोन्ही तारखांत कुठंच नाही. त्यांची वस्ती कागदावर अतिक्रमण आहे. अतिक्रमणाला गटार नाही, दिवा नाही, नळ नाही.

नळाबाबत एक चांगली गोष्ट घडली. मुंबईत पाणी हक्क समितीनं लढा दिला आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं की झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. निकाल मोठा आहे. त्याची अंमलबजावणी मात्र गल्लीगल्लीत अर्ज करून मिळवावी लागते, आणि दिवसभर कामावर असलेल्या माणसाला अर्ज करायला दिवस मोडावा लागतो.

खाल्लेलं अंगी का लागत नाही?

वस्तीतल्या आया दवाखान्यात सांगतात, पोरगं खातं तरी वाढत नाही. डॉक्टरला वाटतं, खात नसेल. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक बोटांसारखी असंख्य टोकं असतात. अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेतात. मूल रोज थोडी थोडी घाण पोटात घेत असेल, दूषित पाण्यातून, माशा बसलेल्या अन्नातून, गटाराशेजारी खेळलेल्या हातांतून, तर आतड्याला सतत सौम्य सूज राहते. जुलाब होतीलच असं नाही. पण ती टोकं झिजून बोथट होतात, आतड्याची भिंत गळकी होते, आणि शरीराची ताकद वाढीऐवजी जंतूंशी झुंजण्यात खर्ची पडते. भाकरी पोटात जाते, उंचीत उतरत नाही. घरं दाटीनं असली की हा धोका वाढतो, कारण एकाच्या घाणीचं पाणी दहा घरांच्या उंबऱ्यावरून वाहतं. गावात उघड्यावर जाणारी माणसं असली तरी शिवार मोठं असतं.

पोटात असल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंतचे हजार दिवस यासाठी सगळ्यांत नाजूक. याच काळात मेंदूही झपाट्यानं बांधला जातो. या काळात राहिलेली उंची पुढं पूर्ण भरून निघणं फार अवघड असतं. म्हणून पोषण आहाराची पाकिटं वाटून भागत नाही. त्या वस्तीत गटार झाकणं आणि स्वच्छ पाणी देणं हेही कुपोषणावरचं औषधच आहे.

एका खोलीतला अभ्यास

दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं. स्वयंपाक तिथंच, शेजारच्याची टीव्ही भिंतीतून ऐकू येते, बाहेर वाहनांचा आवाज. गोंगाटाची सवय होते, असं आपण धरून चालतो. न्यूयॉर्कमधल्या एका शाळेत १९७० च्या दशकात अर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे तपासलं. शाळेच्या एका बाजूला उंच रेल्वेमार्ग होता. त्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात दुसऱ्या, शांत बाजूच्या मुलांपेक्षा कित्येक महिने मागं निघाली. शाळा तीच, अभ्यासक्रम तोच. पुढं रुळांचा आणि वर्गांचा आवाज कमी करणारी दुरुस्ती झाली आणि दोन्ही बाजूंतला फरक नाहीसा झाला.

मुलांची बुद्धी तेवढीच होती, हे त्यातून दिसतं. आमच्याकडं गावात रात्री आठनंतर ओसरीवर बसून एखादी पोरगी पुस्तक वाचू शकते. वीज गेली नाही तर. वस्तीतल्या पोरीला ओसरी नसते. शिवाय अंधार पडल्यावर सार्वजनिक संडासापर्यंत जायची तिची भीती, त्यासाठी कमी पाणी पिणं, पाळीच्या दिवसांत शाळा बुडवणं, हे सगळं तिच्या गुणपत्रिकेत उतरतं. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी निकषात सामुदायिक संडासात २५ बायकांमागं एक भांडं हवं. वस्तीतल्या कोणत्याही बाईला विचारा, सकाळी तिच्यापुढं रांगेत किती जणी असतात.

यात भर म्हणजे मुलांना काय वाचता येतं, हे दर काही वर्षांनी देशभर तपासणारी 'असर' ही प्रसिद्ध पाहणी २००५ पासून ग्रामीण भागात होते. तिच्यामुळं गावातल्या शाळांबद्दल विधानसभेत आवाज उठतो. शहरातल्या वस्तीतल्या मुलांची तशी ठळक, नियमित मोजणी नाही. मग त्यांच्यासाठी ओरडायला कोणाच्या हातात आकडाच नसतो.

शेजारची श्रीमंती लेकराला काय करते?

गावातलं गरीब मूल पाटलाचा वाडा बघतच वाढतं. पण शहरात अंतर रोज अंगावर येतं. आई ज्या फ्लॅटमध्ये भांडी घासते तिथं त्याच्याच वयाच्या मुलाची खोली याच्या सगळ्या घरापेक्षा मोठी असते, आणि त्याला लिफ्टनं नको, जिन्यानं जा, असं सांगितलं जातं.

याचा परिणाम मनावर होतो, असं म्हणून सोडून देता येत नाही, तो मोजलेला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. कोणाची जात कोणती हे जाहीर केलं नव्हतं तेव्हा दलित आणि उच्चवर्णीय मुलांनी सारखीच कोडी सोडवली. मग वेगळ्या गटांत नाव आणि जात मोठ्यानं वाचून दाखवली, आणि तेवढ्यानं दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच होती. आपल्याला इथं काय समजलं जातं, याची आठवण करून दिली की मुलाचा हात आखडतो.

यासाठीच शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांची तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. खासगी शाळेत पहिल्या वर्गात पाव जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही सक्ती नाही, असं ठरवलं. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा जवळपास सगळीकडेच असते, म्हणजे तरतूद संपल्यातच जमा होती. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं हा बदल रद्द केला. जागा वाचल्या. तरी अर्ज करताना राहण्याचा पुरावा लागतो, भाड्यानं राहणाऱ्याला नोंदणी केलेला भाडेकरार. झोपडीचा मालक नोंदणी करून करार देत नाही. वंचितांसाठीची जागा असते, आणि सगळ्यांत वंचित घर अर्जापाशीच अडतं.

"मग गावात काय सुख आहे?"

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळणार नाही. मेळघाटातल्या बालमृत्यूंची चर्चा १९९० च्या दशकापासून होते आहे. कर्जापायी बाप गमावलेली कितीतरी लेकरं आपल्या गावांत आहेत. गावात सरकारी आकड्यांनुसारही गरिबी जास्त आहे, ते वर आलंच. माणसं हौसेनं जात नाहीत. कोरडवाहू दोन एकरांत पाच माणसांचं भागत नाही म्हणून जातात. गावाच्या निधीतून काढून शहराला द्या, असंही माझं म्हणणं नाही. गाव आणि शहर अशी दोन वेगळी पोरं नसतातच. दिवाळीत गावच्या अंगणवाडीत खिचडी खाणारं पोरगंच जानेवारीत शहरातल्या इमारतीच्या वाळूच्या ढिगावर खेळत असतं. त्याचा हिशेब दोन खात्यांत फाटून पडतो आणि दोन्हीकडून सुटतो.

दुसरा आक्षेप नेहमीचा. जिद्द असेल तर पोरगा झोपडपट्टीतूनही वर येतो. येतो, नक्की येतो. नागपुरातच विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनी २००१ च्या सुमारास वस्तीतल्या पोरांना हाताशी धरून झोपडपट्टी फुटबॉल उभं केलं आणि त्यातली मुलं परदेशातल्या स्पर्धांपर्यंत पोहोचली. पण बारसे सरांच्या गोष्टीत आधी काय घडलं? पोरांना चेंडू मिळाला, मैदान मिळालं आणि रोज येणारं एक माणूस मिळालं. जिद्द त्यांच्यात आधीपासून होती.

जागेचा परिणाम किती असतो, याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९९४ ते १९९८ दरम्यान पाच शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या काही कुटुंबांना चिठ्ठी टाकून कमी गरिबीच्या भागात राहायला जाण्यासाठी मदत दिली गेली. पुढं राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी त्या मुलांचा माग काढला. तेरा वर्षांच्या आत असताना जी मुलं गेली, त्यांची विशीच्या मध्यावरची कमाई, मागं राहिलेल्या मुलांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. तेरानंतर गेलेल्यांना फायदा झाला नाही, काहींचं थोडं नुकसानच झालं, कारण घर उपटलं जाण्याची किंमत त्या वयात जास्त असते. आईबाप तेच, शहर तेच, वस्ती बदलली. आणि आठवी-नववीतल्या पोराला शाळेतून काढून सोबत नेणाऱ्या आपल्या पालकांनी त्या शेवटच्या भागाकडं जरूर बघावं. हंगामी वसतिगृह किंवा आजी-आजोबांकडं ठेवायची सोय होत असेल तर त्या वयात ती जास्त हिताची.

निघण्याआधी आणि पोहोचल्यावर

आधीच सांगतो, कागद सांभाळून गरिबी हटत नाही. पण मिळू शकणारं सुटू नये.

एक देश एक रेशन कार्ड ही सोय आता सगळ्या राज्यांत आहे. गावचं कार्ड शहरातल्या दुकानात चालतं, अंगठा लावून धान्य मिळतं. घरातली काही माणसं गावातच राहिली असतील तर त्यांना इकडं आणि बाकीच्यांना तिकडं, असा वाटा उचलता येतो. दुकानदार नाही म्हणाला तर तो नियम मोडतो आहे.

शाळेचा दाखला हातात नाही म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही. जन्माचा दाखला नसला तरी नाही. मूल मधली वर्षं शाळाबाह्य राहिलं असेल तर त्याला वयाच्या वर्गात बसवून वेगळं शिकवायचं, असंही कायदा सांगतो. निघताना गावच्या गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं, म्हणजे पोरगं कुठवर शिकलं ते नव्या शाळेला कळतं. लसीकरणाचं कार्ड आणि आईचं माता-बाल संरक्षण कार्ड पेटीत तळाशी न ठेवता हाताशी ठेवावं. अंगणवाडीच्या बाईला सांगून जावं, कारण आता मोबाइलवरच्या नोंदीतून लाभार्थी दुसऱ्या अंगणवाडीत वळवता येतात, आणि महिला व बालविकास विभागानं स्थलांतरितांचा माग ठेवायची पद्धतही अमरावती, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांपासून सुरू केली आहे.

ग्रामपंचायतीनंही दिवाळीनंतर गेलेल्या कुटुंबांची साधी वही ठेवावी. कोण गेलं, कुठं गेलं, सोबत किती लेकरं, कितवीतली, मुकादमाचा फोन नंबर. एवढ्या वहीवर इथली मुख्याध्यापक बाई तिथल्या शाळेला फोन लावू शकते.

आणि फेब्रुवारी २०२७. जनगणनेची रीत अशी आहे की मोजणीच्या सगळ्या काळात माणूस गावाबाहेर असेल तर तो जिथं असेल तिथं मोजला जातो. बेघरांसाठी तर २०११ मध्ये २८ फेब्रुवारीच्या रात्री फुटपाथ, स्टेशनं, पुलाखाली जाऊन मोजणी केली होती. गावात घराला कुलूप दिसलं आणि शहरात पत्र्याच्या खोलीपर्यंत प्रगणक पोहोचलाच नाही, तर ते घर पुढची कित्येक वर्षं ना इथल्या अंगणवाडीच्या हिशेबात, ना तिथल्या. म्हणून वीटभट्टीवर, बांधकामावर, वस्तीत, जिथं असाल तिथं प्रगणक आला का ते विचारा. आला नसेल तर ठेकेदाराला, नगरसेवकाला, जवळच्या शाळेतल्या शिक्षकाला सांगा, कारण मोजणीचं काम बरेचदा शिक्षकच करतात. यासाठी आधार कार्ड, भाडेकरार, रेशन कार्ड, कसलाच कागद दाखवावा लागत नाही. तोंडी सांगितलेलं लिहून घेतात. सांगताना लेकरांची नावं सगळी सांगा, पाळण्यातल्या तान्ह्याचंसुद्धा.